अभय आणि आसरा

कुत्र्यांपायीं मुंबईंत दंगल उसळली ती १८३२ च्या जून महिन्यांत. मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमानें पारशी मंडळी खवळली. त्यांच्या धर्मांत श्वानास पवित्र स्थान आहे. इतर जातींचे लोकही त्यांस मिळाले, बाजार बंद पडला आणि अखेर लष्कर बोलवावें लागलें. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई व शेट मोतीशा यांनीं भुलेश्वरास पांजरपोळ स्थापन केली.

परंतु पांजरपोळ जिवास अभय देते, घर देत नाहीं, असें आम्हांस वाटतें. ही उणीव आज प्राणिमित्र संस्था भरून काढूं पाहत आहेत. टाकून दिलेलीं व जखमी कुत्रीं त्या बरीं करतात आणि कायमचा धनी मिळेपर्यंत एखाद्या कुटुंबांत सांभाळावयास ठेवतात. संस्थेची जागा मोजकी. एक कुत्रें घरीं गेलें कीं तेथें दुसऱ्याची सोय होते. शिवाय घरांत तें माणसांस सरावतें, म्हणून त्यास धनी मिळणेंही सुलभ होतें.

शेटजींनीं थैली सोडली. आपणांकडून मागणें घराच्या एका कोपऱ्याचें आहे. मात्र दत्तक घेणें म्हणजे दहाबारा वर्षांचें पालन होय. हौस फिटतांच परत धाडावयाचें असेल, तर तें कुत्रें न आणलेलेंच बरें.