मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहू नका : पेण-रोह्यातल्या घरांसाठी माहिती

घरातल्या बुजुर्गांना कमी दिसायला लागलं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, “अजून कच्चा आहे, पिकू दे.” आणि दुसरं, “मुलगा गल्फवरून सुट्टीवर आला की करू.” मग रमजान येतो, पाऊस लागतो, भाताची कापणी येते आणि दोन-तीन वर्षं अशीच जातात. तोवर दादी एकटीने बाहेर पडणं सोडते, उंबऱ्याला ठेचकाळते, कुरआन समोर असूनही तिला अक्षर लागत नाही. घरचे म्हणतात, “वय झालं.” खरं तर मोतीबिंदूमुळे गेलेली नजर बहुतेक वेळा परत मिळते. देशात २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या सरकारी पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदू हेच निघालं.

मोतीबिंदू म्हणजे काय?

डोळ्याच्या बाहुलीमागे नैसर्गिक भिंग असतं. वयाबरोबर ते गढूळ होतं आणि प्रकाश नीट आत जात नाही. हा डोळ्यावर आलेला सारा नाही, त्यामुळे तो पुसून किंवा खरवडून निघत नाही. कुठलेही थेंब, मध, सुरमा किंवा गुलाबपाणी घालून तो विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.

लक्षणं अशी :
- धुक्यातून पाहिल्यासारखं दिसणं, रंग फिके वाटणं
- समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांवर पसरणं
- चष्म्याचा नंबर वारंवार बदलणं
- एका डोळ्यानेही वस्तू दोन दिसणं

कधी कधी उलटंच घडतं. अब्बा अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचू लागतात आणि घरात सगळे खूश होतात. पण तेही वाढत्या मोतीबिंदूचं लक्षण असू शकतं. ही सोय काही महिनेच टिकते.

‘पिकू दे’ हा समज कुठून आला?

पूर्वी ते खरं होतं. तेव्हा अख्खं भिंग बाहेर काढत आणि त्या जागी काही बसवत नसत. म्हणून जुन्या लोकांना सोडा-बाटलीच्या तळासारखे जाड चष्मे लागायचे. पुरतं दिसेनासं झाल्यावरच अशा ऑपरेशनचा फायदा वाटायचा. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं आणि पुढे चित्र बदललं. आज फेको पद्धतीत बारीक छेदातून गढूळ भिंग फोडून काढतात आणि घडीचं भिंग आत ठेवतात. बहुतेकांना टाका लागत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.

उलट फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, ऑपरेशन अवघड होतं. कधी डोळ्याचा दाब वाढून तीव्र दुखणं सुरू होतं आणि नजर कायमची जाऊ शकते. म्हणून हिशोब साधा ठेवा : रोजची कामं अडू लागली की वेळ झाली.

सगळंच मोतीबिंदू नसतं

काचबिंदूमध्ये डोळ्याची नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. बहुतेकांना सुरुवातीला काही जाणवतही नाही. साखरेच्या आजारात डोळ्याचा पडदा बिघडतो. म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घ्या. साखर असेल तर दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा बघून घ्या. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणू नका, त्यांनी मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. तंबाखू-विडी सोडणं आणि उन्हात टोपी-गॉगल वापरणं फायद्याचं आहे.

जायचं कुठे?

पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे. डोळे तपासणीचा वार आधी विचारून जा. पुढे अलिबागचं जिल्हा रुग्णालय आहे. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोतीबिंदूचं ऑपरेशन भिंगासह मोफत होतं. नवीन पनवेलमध्ये शंकरा आय हॉस्पिटल आहे, तिथे गरीब ग्रामीण रुग्णांसाठी मोफत ऑपरेशनची सोय असते. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान कार्ड काढून ठेवावं, त्याला उत्पन्नाची अट नाही. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.

रक्त पातळ करणारी किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट उघडत नाही. आधी कळलं तर डॉक्टर तयारी ठेवतात.

ऑपरेशननंतर

- थेंब वेळेवर घाला, त्याआधी हात साबणाने धुवा. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका.
- डोळा चोळू नका, सुरमा लावू नका, जड वजन उचलू नका.
- सांगितलेले दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. वुझू कसा करायचा, हे इमामसाहेबांना विचारून घ्या.
- वाकायला मनाई असेल तर बसून इशाऱ्याने नमाज होते. आजारी माणसाला दीनने ही सवलत दिलेली आहे.
- रोज्यात डोळ्यात थेंब घातल्याने हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत रोजा तुटत नाही. तरी मनात शंका असेल तर मौलानांना विचारा, थेंब मात्र बंद करू नका.
- दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, पू आला किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळची वाट पाहू नका.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. भिंगामागचं आवरण गढूळ होतं आणि ते लेझरने काही मिनिटांत साफ करता येतं.

आज घरी करून बघा

आपल्या घरातल्या बायका स्वतःहून सांगत नाहीत. भाकरी अंदाजाने थापतात, सुई नातीकडून ओवून घेतात आणि गप्प राहतात. त्यामुळे विचारणं आपलंच काम. अम्मी-अब्बांना चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरपासून नेहमीच्या अंतरावर बसवा. आधी एक, मग दुसरा डोळा तळहाताने झाकून मोठे आकडे वाचायला सांगा. एका डोळ्याने चांगलं दिसत असेल तर दुसऱ्याचं कमी झालेलं कळतच नाही, म्हणून एकेक डोळा तपासायचा. फरक वाटला तर याच आठवड्यात तपासणीला न्या. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा त्यांना त्याचा चेहरा नीट दिसायला हवा.