रात्रीचे पुनःप्रक्षेपण : थोड्या प्रेक्षकांच्या दूरचित्रवाणीचा इतिहास

दूरचित्रवाणीचा इतिहास म्हटला की आपल्याला 1987-88 मधील 'रामायण' आठवते. रविवारी सकाळी सगळा देश एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहत होता. या पाठात आपण नेमकी उलटी बाजू पाहू. मध्यरात्री, मोजक्या लोकांसाठी, आधी दाखवलेलाच कार्यक्रम पुन्हा का दाखवला गेला?

1. वेळेची अडचण

ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या काळात 'साईट' हा प्रयोग झाला. एटीएस-6 या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2400 गावांत सामुदायिक संचांवर कार्यक्रम पोहोचले. त्यासाठी गावकऱ्यांनी ठरलेल्या वेळी संचासमोर जमायचे होते. 15 ऑगस्ट 1984 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' इन्सॅट-1बी वरून दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हाही प्रश्न तोच होता. भर दुपारी घरी संचासमोर कोण बसणार? महाविद्यालयातला विद्यार्थी वर्गात आणि नोकरी करून शिकणारा कामावर! म्हणून तोच कार्यक्रम दिवसातून दुसऱ्यांदा दाखवणे ही चैन नव्हती, गरज होती.

2. ब्रिटनमधील रात्रपाळी

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाची व्याख्याने जानेवारी 1971 पासून बीबीसीवर दिसू लागली. लोकप्रिय कार्यक्रमांच्या वेळा त्यांना मिळणे कठीण होते. पहाट आणि रात्र उरली. 1980 च्या दशकात घरोघरी व्हीसीआर आले आणि चित्र पालटले. रात्री यंत्राने ध्वनिचित्रमुद्रण करायचे आणि सवडीने पाहायचे, अशी सवय लागली. 1992 मध्ये बीबीसीने 'बीबीसी सिलेक्ट' ही सेवा सुरू केली. परिचारिका, वकील अशा व्यावसायिकांसाठीचे कार्यक्रम त्यात रात्री मुद्रणासाठीच प्रक्षेपित होत. ती सेवा 1994 मध्ये बंद झाली. 1995 मध्ये रात्रीचा 'लर्निंग झोन' आला. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांचे हे प्रक्षेपण डिसेंबर 2006 मध्ये थांबले, कारण तोवर डीव्हीडी आणि इंटरनेट हाताशी आले होते.

3. भारतातील चोवीस तास

आपल्याकडे 26 जानेवारी 2000 रोजी 'ज्ञानदर्शन' सुरू झाले. जुलै 2017 मध्ये 'स्वयंप्रभा'च्या 32 वाहिन्या आल्या. त्यांची रचना लक्षात ठेवा : रोज किमान 4 तासांचा नवा आशय आणि त्याचे आणखी 5 वेळा पुनःप्रक्षेपण. 4 गुणिले 6 म्हणजे 24. समजा, एखादे व्याख्यान सकाळी 8 वाजता लागले, तर ते दुपारी 12, 4, रात्री 8, 12 आणि पहाटे 4 वाजता पुन्हा येईल. येथे पुनःप्रक्षेपण ही रिकामी जागा भरण्याची युक्ती उरली नाही. तोच वेळापत्रकाचा पाया झाला.

4. हिशेब कसा मांडायचा?

अभियांत्रिकीच्या दृष्टीने पाहा. व्याख्यान तयार करण्याचा खर्च एकदाच होतो. उपग्रहावरील ट्रान्सपॉन्डर रात्रीही चालूच असतो. एकाने पाहिले काय किंवा एक लाखाने, प्रक्षेपणाचा खर्च तोच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक नव्या प्रेक्षकामागे डेटा लागतो आणि तो बहुधा विद्यार्थ्याच्याच खिशातून जातो.

2020 च्या टाळेबंदीत माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या घरी एकच स्मार्टफोन होता. दिवसा त्यावर धाकट्या बहिणीची शाळा भरे. संध्याकाळी टीव्हीवर वडिलांच्या बातम्या चालत. घर झोपले की रात्री बारानंतर टीव्ही त्याचा होई. फ्री डिशला महिन्याचे शुल्क नसल्याने ती वाहिनी त्याला परवडत होती. "सर, सकाळचंच लेक्चर रात्री परत लागतं, ते बरं पडतं," असे तो मला म्हणाला होता. मी स्वतः तोवर या पुनःप्रक्षेपणाला आळशी वेळापत्रक समजत होतो.

प्रेक्षकसंख्येच्या तक्त्यात असा विद्यार्थी जवळजवळ दिसतच नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीला तो परवडणार नाही, हेही खरे. म्हणूनच ही जबाबदारी सार्वजनिक प्रसारणाकडे येते. एक मर्यादाही ध्यानात घ्या : पुनःप्रक्षेपणात शंका विचारता येत नाही, आणि जुना, चुकीचा पाठ पुन्हा दाखवला तर चूकही सहा वेळा शिकवली जाते.

सारांश

पहिले प्रक्षेपण 'किती जणांनी पाहिले' या प्रश्नाला उत्तर देते. रात्रीचे पुनःप्रक्षेपण 'कोण राहून गेले' या प्रश्नाला उत्तर देते. एखाद्या वाहिनीचे मूल्य ठरवताना दोन्ही प्रश्न विचारा.

स्वाध्याय

1. व्हीसीआरमुळे रात्रीच्या प्रक्षेपणाचा उपयोग कसा बदलला?
2. तुमच्या वर्गात इंटरनेटपेक्षा टीव्ही सोयीचा ठरेल असे किती जण आहेत? विचारून पाहा आणि कारणे नोंदवा.