'त्यांच्यानंतर आई'

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमातील सहावे कलम साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी शब्दशः वाचावे, असे आम्हांस वाटते. अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई, असे ते सांगते. लगेच पुस्ती जोडते की पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे. सांभाळ एकीचा, अधिकार दुसऱ्याचा.

ही वाटणी जुनीच. इंग्लंडात मुलावर हक्क बापाचा, हा निर्वेध नियम होता. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन हिचे तीन मुलगे १८३६ मध्ये नवऱ्याने तिच्यापासून तोडले. तिच्या चळवळीतून १८३९ चा कायदा झाला आणि सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची वाट आईला मिळाली. व्यभिचार शाबीत झालेल्या आईला मात्र तीही नव्हती.

म्हणजे बापाने केवळ बाप असावे, आईने आपले चारित्र्य सिद्ध करावे! याचा सर्वांत बोलका दाखला ॲनी बेझंट यांचा. १८७३ मध्ये पतीपासून विभक्त होताना झालेल्या करारानुसार मुलगी मेबल त्यांच्याकडे आली होती. पुढे संततिनियमनावरील पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल १८७७ मध्ये त्यांच्यावर व चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर खटला झाला, आणि १८७८ मध्ये न्यायमूर्ती जेसल यांनी सात वर्षांची मेबल बापाच्या हवाली केली. आईच्या मायेबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिच्या नास्तिकतेबद्दल, आणि अशा बाईशी प्रतिष्ठित स्त्रिया संबंध ठेवणार नाहीत याबद्दल. मुलीच्या हिताची भाषा अशी शेजाऱ्यांच्या मतावर उभी राहिली. (सज्ञान झाल्यावर दोन्ही मुले आईकडे परतली, हा तपशील निकालपत्रात येणे शक्यच नव्हते.)

पुढे मद्रासला स्थायिक झालेल्या याच बेझंटबाईंवर जे. कृष्णमूर्ती व त्यांच्या धाकट्या भावाच्या ताब्यासाठी त्यांच्या वडिलांनी १९१२ मध्ये दावा लावला. मद्रासेत बाई हरल्या. १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. मुलांचे हित आणि त्यांची स्वतःची इच्छा विचारात घेतली गेली नाही, हे त्यामागचे एक कारण होते. १८७८ मध्ये हे मेबलला कोणी विचारले होते?

मुलाची समजूत पुरेशी असल्यास त्याची पसंती विचारात घेता येते, ही तरतूद आपल्याकडे १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात आहे. घटस्फोटाच्या दाव्यात न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी एकांती बोलतात, ते याच धाग्याने. १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की मुले म्हणजे वस्तू नव्हेत, आणि ताब्याचा हुकूम परिस्थितीनुसार बदलता येतो.

उरला तो 'नंतर'. १९९९ मध्ये कादंबरीकार गीता हरिहरन यांच्या खटल्यात तो न्यायालयापुढे आला. मुलाच्या नावे रोखे घेताना रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली होती. सोबतची दुसरी याचिका घटस्फोटाच्या दाव्यात मुलाच्या ताब्यासाठी झगडणाऱ्या आईची होती. 'नंतर' म्हणजे मृत्यूनंतर नव्हे, 'अनुपस्थितीत', असा अर्थ न्यायालयाने लावला. बापाची उदासीनताही त्या अनुपस्थितीत मोडली. कलम घटनाबाह्य ठरले असते, ते अर्थ लावून वाचवले. आम्हांस हा अर्थ उदार वाटतो आणि अपुराही, कारण बाप लक्ष घालणारा असेल तोवर क्रम तोच. २०१५ मध्ये विधी आयोगाने आईबापांना समान पालक मानण्याची शिफारस केली. कलमातला 'नंतर' मात्र तसाच राहिला.