चेहऱ्याची खाज दोन दिवसांत घालवणाऱ्या ट्यूबचा इतिहास

थंडी सुरू झाली की चेहरा ओढल्यासारखा होतो, गालांवर पांढरी पापडी दिसायला लागते, नाकाच्या कडेला खाज येते. मग कोणीतरी एक ट्यूब सुचवतं. कधी मैत्रीण, कधी पार्लरवाल्या ताई, बऱ्याचदा मेडिकलमधले दादा. दोन दिवसांत खाज गायब! काही आठवड्यांनी ट्यूब संपते आणि चार दिवसांत चेहरा आधीपेक्षा लाल होतो, आग व्हायला लागते. तुम्ही पुन्हा तीच ट्यूब आणता, पुन्हा बरं वाटतं. मग तुम्ही म्हणता, “माझी स्किनच सेन्सिटिव्ह आहे.”

तसं असेलही. पण हे चक्र ट्यूबमधल्या औषधानेही सुरू झालेलं असू शकतं. आणि ही गोष्ट शास्त्रज्ञांना गेल्या पन्नासहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. मग ती आपल्यापर्यंत का पोचली नाही? त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

आधी नुसतं तेल आणि मेण

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत, चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. हे सिमेंट कमी पडलं की आतलं पाणी उडून जातं, बाहेरचा साबण, धूळ आत शिरते, आणि शरीर दाह निर्माण करून उत्तर देतं. कोरडेपणा, खाज आणि लाली एकत्र येतात ते यामुळे.

हजारो वर्षं माणसाने फक्त भिंतीची डागडुजी केली. दुसऱ्या शतकात रोममधला वैद्य गॅलेन मधमाशीचं मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून लेप करायचा. त्यातलं पाणी उडताना गार वाटतं, म्हणून पुढे त्याला ‘कोल्ड क्रीम’ म्हणू लागले. 1872 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी खनिज तेलापासून काढलेल्या पेट्रोलियम जेलीचं पेटंट घेतलं. आपल्याकडे खोबरेल, साय, तूप होतंच. या सगळ्यांचं काम एकच, पाणी उडू न देणं. पेटलेल्या दाहावर मात्र यांचा फारसा इलाज चालत नव्हता. एक्झिमाचे रोगी महिनोन् महिने खाजवत राहायचे.

1952 : खरोखरचा चमत्कार

1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिलं गेलं आणि काही दिवसांत तिच्या दुखण्याला उतार पडला. दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, हेंच, केंडॉल आणि राइकस्टाइन यांना नोबेल मिळालं. साहजिकच कोणीतरी कॉर्टिसोन त्वचेवर लावून पाहिलं. काहीच झालं नाही! कारण कॉर्टिसोनला कामाला लागण्याआधी शरीरात हायड्रोकॉर्टिसोन व्हावं लागतं. यकृत ते सहज करतं, त्वचेला ते पुरेसं जमत नाही.

1952 मध्ये सुल्झबर्गर आणि विटेन यांनी थेट हायड्रोकॉर्टिसोनचंच मलम वापरलं, आणि ते चाललं. हा क्षण कमी लेखू नका. एक्झिमाच्या रुग्णांना पहिल्यांदाच रात्रभर झोप मिळेल असं औषध हाती आलं होतं.

पुढची दहा वर्षं ‘अजून स्ट्राँग’ काय बनवता येईल यात गेली. रेणूत फ्लोरीन घातलं की ताकद वाढते हे कळलं होतं. पण ताकद मोजायची कशी? 1962 मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी सोपी चाचणी काढली. निरोगी माणसाच्या हातावर औषध लावायचं आणि कातडी किती फिकी पडते ते बघायचं. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून जागा पांढुरकी दिसते. म्हणजे बघा, ‘लावलं की उजळ दिसतं’ हा गुण प्रयोगशाळेत ताकदीचं माप होता. पुढे बाजारात तोच गोरेपणाचा पुरावा ठरला.

चेहरा म्हणजे हात नव्हे

1967 मध्ये फेल्डमन आणि मेबाख यांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन लावून किती आत शिरतं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूला 1 धरलं, तर कपाळावर 6 आणि जबड्याच्या कडेला 13! तळपायाला त्याच्या सातव्या हिश्शाएवढंच. म्हणजे हातावर सौम्य वाटणारं औषध चेहऱ्यावर सौम्य राहीलच असं नाही.

पुरावे लगेच यायला लागले. 1969 मध्ये इंग्लंडमधले त्वचारोगतज्ज्ञ स्नेडन यांनी लिहिलं की गाल-नाक सतत लाल राहणाऱ्या रोझेशियाच्या रुग्णांचा आजार फ्लोरीनवाल्या स्टेरॉइडने बिघडतोय. 1974 मध्ये ‘स्टेरॉइड रोझेशिया’ हे नावच आलं. 1979 मध्ये क्लिगमन आणि फ्रॉश यांनी सरळ ‘स्टेरॉइडचं व्यसन’ असा शब्द वापरला. लावलं की बरं, थांबवलं की भडका, म्हणून परत लावायचं.

यामागचं एक कारण 2003 मधल्या एका अभ्यासातून पुढे आलं. तीव्र स्टेरॉइड थोडेच दिवस लावलं, तरी त्वचेत ते ‘सिमेंट’ बनणं कमी होतं आणि इजा झालेली भिंत सावरायला जास्त वेळ लागतो. म्हणजे औषध धोक्याची घंटा बंद करतं आणि त्याच वेळी भिंतही कच्ची करतं. वरून मात्र सगळं छान दिसत असतं.

आणि आपल्याकडे?

2011 मध्ये देशभरातल्या 12 त्वचारोग केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या 59.3 टक्के लोकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. 29 टक्के लोक ते गोरं होण्यासाठी, रोजचं क्रीम किंवा दाढीनंतरचं क्रीम म्हणून वापरत होते. दुष्परिणाम दिसले ते 90.5 टक्के लोकांत.

कायदा काय करत होता? स्टेरॉइड चिठ्ठीवरच्या औषधांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल ‘एच’मध्ये होती, पण बाहेरून लावायच्या औषधांना त्यात सूट होती. गोळीला चिठ्ठी, ट्यूबला नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर 2018 मध्ये ही पळवाट बंद करण्यात आली. स्नेडन यांच्या लेखापासून मोजलं तर 49 वर्षं.

मग करायचं काय?

स्टेरॉइड वाईट आहे, असा याचा अर्थ काढू नका. योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरलं तर ते आजही उत्तम औषध आहे. चेहऱ्यासाठी स्टेरॉइड नसलेले पर्यायही आहेत. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं टॅक्रोलिमस हे त्यातलं एक. पण तेही डॉक्टरांनीच ठरवायचं.

चेहरा नुसता कोरडा असेल तर गॅलेनचाच मार्ग धरा. कडक साबण आणि सुगंधी क्रीम बंद, कोमट पाणी, आणि चेहरा ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि घरात एखादी ट्यूब असेलच, तर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बरेच महिने लावत असाल तर घाबरून एकदम फेकून देऊ नका, भडका उडू शकतो. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस लावलं ते खरं सांगा. पुढचे उपचार बरेचसे त्या उत्तरावर ठरतात.