भारतातील प्रौढांमधील लठ्ठपणाचे प्रमाण

भारतातील प्रौढ लोकसंख्येत अतिवजन व लठ्ठपणा असलेल्या व्यक्तींचा वाटा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत झपाट्याने वाढला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील २४.० टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष या गटात मोडतात. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे १२.६ व ९.३ टक्के होते. हे आकडे सर्वाधिक उद्धृत केले जात असले, तरी लठ्ठपणा कोणत्या मोजपट्टीने मोजला आणि कोणत्या वयाची माणसे मोजली, यावर उत्तर बरेच बदलते.

मोजमापाचे निकष

लठ्ठपणा ठरवण्यासाठी सामान्यतः बॉडी मास इंडेक्स म्हणजेच बीएमआय हा निर्देशांक वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. हे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अदॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. त्याला आजचे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या १९७२ मधील शोधनिबंधातून मिळाले. केटले यांना लोकसमूहांच्या सरासरीचा अभ्यास करायचा होता, एकेका रुग्णाचे निदान हा त्यांचा हेतू नव्हता, हे येथे ध्यानात ठेवणे उचित ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार २५ पासून अतिवजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरला जातो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र २३ पासून अतिवजन व २५ पासून लठ्ठपणा मानला आहे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ५७ किलो वजनाच्या स्त्रीचा निर्देशांक सुमारे २३.७ येतो. आंतरराष्ट्रीय तक्त्यात तिचे वजन योग्य ठरते, भारतीय तक्त्यात तीच स्त्री अतिवजनाच्या गटात जाते. वर दिलेले सर्वेक्षणाचे आकडे २५ व त्यापुढील निर्देशांकाचे आहेत. २३ ची मर्यादा लावल्यास ते बरेच वर जातात.

सडपातळ देहातील चरबी

भारतीयांसाठी निराळी मर्यादा का हवी, याचे एक बोलके उदाहरण पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात दिले. त्यासाठी त्यांनी स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. वजनकाट्याला हा भेद दिसत नाही.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याकडची बालके स्नायू व अवयवांच्या बाबतीत बरीच कृश होती, पण त्वचेखालील चरबी त्यामानाने टिकून होती. त्यामुळे कमी वजनाने जन्मलेल्या मुलालाही पुढे मधुमेहाचा धोका संभवतो, असे या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे.

पोटाभोवतीची चरबी विशेष अपायकारक मानली जात असल्याने कंबरेचा घेरही मोजला जातो. भारतीय निकषानुसार पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २० वर्षांवरील २८.६ टक्के व्यक्तींमध्ये सर्वसाधारण लठ्ठपणा आढळला, तर ३९.५ टक्के व्यक्तींमध्ये पोटाचा लठ्ठपणा. राष्ट्रीय सर्वेक्षणापेक्षा येथील आकडा मोठा दिसण्याचे एक कारण उघड आहे. त्या सर्वेक्षणात १५ वर्षांच्या मुली येतात आणि पन्नाशीपुढच्या स्त्रिया गळतात.

प्रादेशिक व सामाजिक भेद

पाचव्या फेरीत शहरी स्त्रियांमध्ये अतिवजनाचे प्रमाण ३३.२ टक्के, तर ग्रामीण स्त्रियांमध्ये १९.७ टक्के होते. दिल्ली, पंजाब व तमिळनाडूत ते स्त्रियांमध्ये ४० टक्क्यांहून अधिक आहे. झारखंडमध्ये जेमतेम १२ टक्के. गोव्यात ते ३६.१ टक्के आहे.

महाराष्ट्राचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. येथील २३.४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या, तर २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या आढळल्या. अर्थात राज्याची सरासरी समाधानकारक वाटली, तरी तिच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारख्याच संख्येने आजाराच्या वाटेवरच्या स्त्रिया आहेत. यालाच कुपोषणाचा दुहेरी भार म्हणतात.

कारणे

तेल, साखर व तयार खाद्यपदार्थांचा वाढता वापर, बैठे काम आणि वाहनांची सोय ही कारणे सर्वपरिचित आहेत. भारतात लठ्ठपणा सुस्थितीतील कुटुंबांत अधिक आढळतो. भाषेतही याच्या खुणा दिसतात: वजन वाढलेल्या माणसाला ‘तब्येत सुधारली’ असे मराठीत कौतुकाने म्हटले जाते आणि ‘खात्यापित्या घरचा’ हे वर्णन दूषण समजले जात नाही. दुष्काळ अनुभवलेल्या समाजात ते स्वाभाविक होते.

तपासणी

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्त्या ३० वर्षांवरील व्यक्तींचा एक तक्ता भरतात. त्यात वय, तंबाखूचे सेवन व व्यायाम यांबरोबर कंबरेच्या घेरालाही गुण दिलेले असतात. ८० सेंटिमीटरपर्यंतच्या स्त्रीला व ९० पर्यंतच्या पुरुषाला शून्य गुण मिळतो. घेर वाढेल तसे गुण वाढतात. एकूण गुण चारपेक्षा अधिक झाल्यास त्या व्यक्तीला तपासणीसाठी अग्रक्रमाने पाठवले जाते. या तक्त्याला वयाची वरची मर्यादा नसल्यामुळे राष्ट्रीय सर्वेक्षणात न मोजल्या जाणाऱ्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांच्या कंबरेपर्यंतही आशा कार्यकर्तीची फीत पोहोचते.