मसल मोटारगाडी व स्मरणरंजन
मसल मोटारगाडी व स्मरणरंजन : मध्यम आकाराच्या, बहुधा दोन दारांच्या आणि बेताच्या किंमतीच्या गाडीत मोठ्या गाडीसाठी बनविलेले आठ सिलिंडरांचे बलवान एंजिन बसवून तयार केलेली मोटारगाडी. इंग्रजीतील ‘मसल’ म्हणजे स्नायू. त्यावरून हे नाव रूढ झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६४ ते १९७४ ह्या काळात अशा गाड्यांचे उत्पादन भरात होते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यांत नवे असे थोडेच होते. त्यांचे ब्रेक व निलंबन एंजिनाच्या मानाने दुबळे असत आणि वळणावर त्या बेभरवशाच्या ठरत. तथापि उत्पादन थांबल्यानंतरच्या अर्धशतकात त्यांच्याभोवती जी भावनिक ओढ निर्माण झाली, तिच्यामुळे मोटारगाडीच्या सामाजिक इतिहासात त्यांना त्यांच्या संख्येच्या मानाने पुष्कळच मोठे स्थान मिळाले आहे.

फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये सामान्य ग्राहकाला परवडेल असे आठ सिलिंडरांचे एंजिन बाजारात आणले. ह्या जुन्या गाड्या विकत घेऊन, त्यांचे अनावश्यक भाग काढून टाकून त्या वेगवान करण्याचा छंद कॅलिफोर्नियातील तरुणांत पसरला आणि तेथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर शर्यती होऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या छंदाला संघटित रूप आले. हॉट रॉड हे मासिक १९४८ मध्ये निघाले व राष्ट्रीय हॉट रॉड संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. कारखानदारांकडून ह्या दिशेने पडलेले पहिले पाऊल म्हणून १९४९ सालच्या ओल्ड्समोबिल ‘रॉकेट ८८’ ह्या गाडीचा उल्लेख केला जातो. हलक्या सांगाड्यात १३५ अश्वशक्तीचे नवे एंजिन, हे सूत्र तीत प्रथम दिसते. क्रायस्लरची ‘३००’ (१९५५) ही गाडी ३०० अश्वशक्तीची होती, पण तिची किंमत सधनांनाच पेलण्यासारखी होती.

हे सूत्र स्वस्त गाडीला लागू करण्याचे श्रेय जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाला दिले जाते. जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घेण्याचा आदेश दिला. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत सु. ५.४ लि.हून मोठे एंजिन बसवू नये, असाही कंपनीचा नियम होता. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरीअन व त्यांचे सहकारी यांनी ह्या नियमाला बगल दिली. त्यांनी ६.४ लि. एंजिन स्वतंत्र गाडी म्हणून न आणता, १९६४ च्या ‘टेंपेस्ट ल मान्स’ ह्या गाडीबरोबर सु. ३०० डॉलर जादा देऊन घ्यावयाची ऐच्छिक जोड म्हणून आणले. अशा जोडीला वरिष्ठांची वेगळी मंजुरी लागत नसे. तिला ‘जीटीओ’ हे फेरारी ह्या इटालियन गाडीचे नाव देण्यात आले. सु. ५,००० गाड्या खपतील असा अंदाज असताना पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि १९६६ मध्ये हा आकडा ९६,९४६ वर गेला. ह्या यशाला कार अँड ड्रायव्हर मासिकात मार्च १९६४ मध्ये आलेल्या परीक्षणाचाही हातभार लागला. जाहिरात क्षेत्रातील जिम वँगर्स यांनी त्या परीक्षणासाठी पुरविलेल्या गाडीत प्रत्यक्षात ६.९ लि. एंजिन बसविलेले होते, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले. म्हणजे ह्या गाड्यांविषयीच्या दंतकथांची सुरुवात त्यांच्या जन्माबरोबरच झाली, असे म्हणावे लागते.

इतर कंपन्यांनी हाच मार्ग धरला. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात प्रकट झालेली फोर्डची ‘मस्टँग’ (मूळ किंमत २,३६८ डॉलर) काटेकोरपणे ह्या वर्गातील नव्हे. ती आटोपशीर बांध्याच्या ‘पोनी’ वर्गातील होय. मात्र मोठी एंजिने बसविलेले तिचे प्रकार लोक मसल गाड्यांतच धरतात. क्रायस्लरचे अर्धगोल ज्वलनकक्षांचे ७ लि. ‘हेमी’ एंजिन १९६६ पासून रस्त्यावरील गाड्यांना मिळू लागले. प्लिमथ ‘रोड रनर’ (१९६८) ही गाडी तर मुद्दाम उघडीबोडकी ठेवलेली होती. साधी बाकासारखी बैठक, गालिच्याला फाटा, पण ३३५ अश्वशक्तीचे एंजिन, आणि हे सर्व ३,००० डॉलरांच्या आत. तिच्या नावासाठी मात्र व्यंगचित्रपटाच्या निर्मात्यांना ५०,००० डॉलर मोजण्यात आले. १९७० ची शेव्हरले ‘शेव्हेल’ ४५० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली; ह्या स्पर्धेतील तो कळस मानतात. (मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी होत असल्याने ही नावे महाराष्ट्रात परिचित होती, पण त्या गाड्या ह्या पिढीच्या पूर्वीच्या व कुटुंबवत्सल घडणीच्या होत.)

ह्या गाड्यांचे ग्राहक कोण होते, हा प्रश्न त्यांच्या भावनिक प्रभावाच्या मुळाशी आहे. युद्धोत्तर काळात जन्मसंख्येची जी लाट आली, तिच्या आरंभी १९४६ मध्ये जन्मलेली मुले १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली. पेट्रोल स्वस्त होते, हप्त्यांनी कर्ज मिळत होते आणि कारखान्यात काम करणाऱ्या विशीतील कामगाराला अशी गाडी घेणे शक्य होते. वेग हा तोवर धनिकांचा विशेषाधिकार होता. तो प्रथमच वेतनावर जगणाऱ्या तरुणाच्या हाती आला. डिट्रॉइटच्या मध्यभागापासून पाँटिॲक शहरापर्यंत गेलेल्या वुडवर्ड ॲव्हेन्यू ह्या सु. ४३ किमी. लांबीच्या हमरस्त्यावर रात्री तरुणांचे थवे जमत आणि एका वाहतूक दिव्यापासून दुसऱ्यापर्यंत चोरून शर्यती लागत. मोटार कंपन्यांचे अभियंतेही तेथे आपल्या गाड्या घेऊन येत. गाडी जेथे बनत होती, तेथेच ती मिरवली जात होती.

ह्या आकर्षणाला एक निव्वळ शारीरिक बाजूही आहे व ती आवाजाची होय. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असलेल्या अमेरिकन एंजिनात भुजादंडाचे (दट्ट्यांच्या वरखाली हालचालीचे फिरत्या गतीत रूपांतर करणाऱ्या दांड्याचे) बाक परस्परांशी काटकोनात असतात. त्यामुळे एकूण एंजिनातील स्फोट समान अंतराने होत असले, तरी प्रत्येक रांगेतील स्फोट विषम अंतराने होतात. दोन्ही रांगांचे धूर वेगळ्या नळ्यांतून बाहेर सोडले, की हे विषम ठोके एक खर्जातील, घरघरणारा नाद निर्माण करतात. अधिक शक्तीसाठी झडपा जास्त काळ उघड्या ठेवणारा कॅमदंड बसविला, तर गाडी उभी असतानाही एंजिन अडखळत, धापा टाकल्यासारखे चालते आणि सबंध सांगाडा हेलकावतो. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा दोषच. पण चाहत्यांच्या आठवणींत हाच दोष सर्वांत खोलवर रुतलेला आढळतो. बुलिट (१९६८) ह्या चित्रपटात सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चढउतारांवरील सु. अकरा मिनिटांच्या पाठलागात दिग्दर्शक पीटर येट्स यांनी भर पाठलागात पार्श्वसंगीत थांबविले व केवळ एंजिनांचे आवाज ऐकविले. त्या प्रसंगाच्या कीर्तीत ह्या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

ऱ्हास अनेक बाजूंनी आला. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांवर व विशेषतः पंचवीस वर्षांखालील चालकांवर भारी अधिभार लावला. रॅल्फ नेडर यांच्या अन्‌सेफ ॲट एनी स्पीड (१९६५) ह्या पुस्तकानंतर १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला, तर १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरातील प्रदूषकांवर कडक मर्यादा घातल्या. कमी शिशाचे पेट्रोल वापरता यावे म्हणून १९७१ पासून एंजिनांतील संपीडन गुणोत्तर कमी करण्यात आले. १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची पद्धतच बदलल्याने कागदावरील आकडेही घसरले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखला आणि १९७४ च्या आरंभी ताशी ५५ मैलांची (सु. ८८ किमी.) राष्ट्रीय वेगमर्यादा आली. त्याच वर्षी ‘जीटीओ’, ‘बॅराकुडा’ व ‘चॅलेंजर’ ह्या तिन्ही गाड्या बंद पडल्या. ‘मस्टँग’ लहान झाली. १९७४ मध्ये तिच्यात आठ सिलिंडरांचे एंजिन मिळतच नव्हते, तरीही तिच्या सु. ३,८६,००० गाड्या खपल्या. सरकारने व तेलवाल्यांनी आपली गाडी हिरावून घेतली, असे चाहते आजही म्हणतात. ते पूर्णतः खरे नाही; ग्राहक स्वतःही दूर गेला होता. वायुरोधक पंखाची प्लिमथ ‘सुपरबर्ड’ (१९७०) सु. १,९०० च बनली, पण तीही अनेक विक्रेत्यांकडे पडून राहिली आणि काहींनी तिचा पंख काढून ती साधी गाडी म्हणून खपविली.

स्मरणरंजनाला इंग्रजीत ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात. हा शब्द योहानेस होफर ह्या स्विस वैद्याने १६८८ मध्ये, परदेशात राहणाऱ्या स्विस लोकांना जडणाऱ्या घराच्या ध्यासाचे रोग म्हणून वर्णन करताना घडविला. पुढे त्याचा रोख स्थळावरून काळाकडे वळला. मसल गाड्यांच्या बाबतीत ही भावना फारच लवकर उद्‌भवली. जॉर्ज लूकस यांचा अमेरिकन ग्राफिटी हा, १९६२ मधील एका रात्रीत गाड्या घेऊन भटकणाऱ्या तरुणांचा चित्रपट ऑगस्ट १९७३ मध्ये, म्हणजे तेलसंकटाच्या दोनच महिने आधी प्रदर्शित झाला. अवघ्या अकरा वर्षांपूर्वीचा काळ प्रेक्षकांना हरवलेला युगप्रदेश वाटला. मधल्या वर्षांत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या व व्हिएटनामचे युद्ध घडून गेले होते, हे लक्षात घेता त्यात नवल नाही.

मानसशास्त्रज्ञांच्या मते प्रौढ माणसाच्या आठवणींत साधारणपणे दहा ते तीस ह्या वयातील घटनांचे प्रमाण इतर वयांच्या मानाने अधिक असते. १९६८ मध्ये विशीत असलेला तरुण १९९० च्या सुमारास चाळिशी ओलांडून कमावता झाला, तेव्हा ह्या गाड्यांच्या किंमती वाढू लागल्या, ह्याचा उलगडा त्यावरून होतो. त्याला कित्येकदा स्वतःची नव्हे, तर शेजारच्या मुलाजवळ असलेली व आपल्याला न परवडलेली गाडी हवी असे. बुलिट चित्रपटातील ‘मस्टँग’ची कथा ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७४ मध्ये न्यू जर्सीतील एका कुटुंबाने ती सु. ६,००० डॉलरांस घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. नट स्टीव्ह मक्वीन याने १९७७ मध्ये पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. पुढे ती अनेक वर्षे बंद राहिली व जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३४ लाख डॉलरांच्या बोलीला विकली गेली. १९७१ ची ‘हेमी’ एंजिनाची, उघड्या छताची प्लिमथ ‘कुडा’ जेमतेम डझनभर बनली होती. तिच्यापैकी एकीला २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरांची बोली लागली. ज्या गाडीचे सारे माहात्म्य ती कामगाराला परवडे ह्यात होते, ती कोट्यधीशाच्या बंदिस्त दालनात गेली. किंमतीबरोबर तोतयेही आले. साध्या ‘ल मान्स’वर ‘जीटीओ’ची चिन्हे बसविलेल्या गाड्या इतक्या झाल्या, की एंजिन व सांगाडा यांवरील क्रमांक जुळतात की नाही, हे जुनी नाणी पारखावीत तसे पारखण्याची स्वतंत्र विद्याच निर्माण झाली.

स्मृती काय गाळते, हेही पाहिले पाहिजे. १९७२ मध्ये अमेरिकेत रस्त्यांवरील अपघातांत ५४ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या देशाच्या इतिहासातील हा उच्चांक होय. त्याला केवळ ह्या गाड्या कारण नव्हत्या, परंतु दुबळे ब्रेक आणि न वापरलेले पट्टे हे त्या काळाचेच अंग होते. डिट्रॉइटमध्ये जुलै १९६७ च्या वांशिक उद्रेकात ४३ जण मृत्युमुखी पडले. शहराची लोकसंख्या १९५० मधील सु. १८·५ लाखांवरून २०१० मध्ये सु. ७·१ लाखांवर आली आणि २०१३ मध्ये नगरपालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचे विराट संचलन भरते. त्याचा मार्ग फर्नडेल उपनगरापासून पाँटिॲकपर्यंत, म्हणजे एट माइल रोड ह्या डिट्रॉइटच्या उत्तर सीमेच्या पलीकडून सुरू होतो. गाड्या ज्या शहराच्या नावाने ओळखल्या जातात, ते शहर ह्या सोहळ्याच्या पाठीमागे राहते. द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड (१९७९–८५) ह्या दूरचित्रवाणी मालिकेतील नारिंगी ‘चार्जर’ गाडीच्या छतावर यादवी युद्धातील दक्षिणी बंडखोरांचा ध्वज रंगविलेला होता. गुलामगिरीच्या समर्थकांचे ते चिन्ह लक्षावधी बालकांच्या खेळण्यांवर गेले आणि २०१५ मध्ये निर्मात्या कंपनीने तशा खेळण्यांचे परवाने बंद करीपर्यंत त्याविषयी फारसा विचार झाला नाही.

कंपन्यांनी ह्या भावनेचा व्यापारी उपयोग केला. जुन्या आकृतीची आठवण देणारी ‘मस्टँग’ २००५ साली, ‘चॅलेंजर’ २००८ साली व ‘कमॅरो’ २०१० साली पुन्हा आली. ‘चॅलेंजर’चा एक प्रकार तर ७०७ अश्वशक्तीचा होता. तोवर प्लिमथ (२००१) व ओल्ड्समोबिल (२००४) ही नावे बाजारातून नाहीशी झाली होती आणि पाँटिॲकही २०१० मध्ये संपले. ‘चॅलेंजर’चे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले. तिच्या कंपनीने २०२४ मध्ये ‘चार्जर डेटोना’ ही विजेवर चालणारी गाडी आणली, तेव्हा तिला सिलिंडर, झडपा व धूर यांपैकी काहीही नसल्यामुळे गाडीच्या मागील भागात ध्वनिवर्धक व पोकळ नळ्यांची योजना करून जुन्या एंजिनासारखा आवाज काढण्याची सोय करण्यात आली. जुन्या ग्राहकांना तो पटला नाही. विक्री मंद राहिली आणि पुढे कंपनीने त्याच सांगाड्यात सहा सिलिंडरांचे पेट्रोल एंजिनही देऊ केले.