कंपनरोधक पाये (ध्वनियंत्रांचे)

कंपनरोधक पाये : टर्नटेबल, अँप्लिफायर, स्पीकर अशा ध्वनियंत्रांच्या तळाशी बसवलेले लवचीक आधार. जमिनीतून किंवा टेबलातून येणारा कंप यंत्रापर्यंत पोहोचू न देणे हे त्यांचे काम. रबर, पोलादी स्प्रिंग, फोम, हवा भरलेली नळी किंवा पीळदार तारेची वेटोळी यांपासून ते तयार करतात. जनरेटरखाली आणि कारखान्यातील यंत्रांखाली जी रबरी माउंट दिसतात, त्यांच्याच कुळातले हे लहान पाये. सर्व ध्वनियंत्रांत टर्नटेबलला त्यांची गरज सर्वाधिक असते, कारण टर्नटेबलची सुई ही मुळात कंप टिपणारी वस्तू आहे. खाचेतला कंप गाण्याचा आणि टेबलाचा कंप रस्त्यावरच्या ट्रकचा, हा भेद तिला करता येत नाही. प्रस्तुत नोंदीत या पायांचे कार्यतत्त्व, प्रकार व निवड यांची माहिती असून पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील घरे, जमीन व रहदारी यांच्या अनुषंगाने त्यांचा विचार केला आहे.

गरज : लाँग प्ले तबकडीवरील खाच सुमारे ०.०५ मिमी रुंद असते आणि तिच्यातील सर्वांत नाजूक वळणे एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात. त्यांच्या तुलनेत पावलांनी जमिनीला बसणारा हादरा मोठाच म्हणावा लागतो. त्यात ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीची भर पडते. तबकडी कापताना खर्जाचा जोर कमी केलेला असतो आणि वाजवताना फोनो प्रवर्धक तो भरून काढतो. १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार २० हर्ट्झचा स्वर १,००० हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ दहापट वाढवला जातो. जमिनीतून आलेली घरघरही याच पट्ट्यात असल्याने तीसुद्धा तितकीच फुगते.

याचे परिणाम तीन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे गाण्याखाली सतत जाणवणारी घरघर. दुसरा म्हणजे प्रतिपोषण : स्पीकरचा खर्ज टेबलामार्गे सुईपर्यंत पोहोचतो, पुन्हा प्रवर्धित होऊन स्पीकरमधून येतो आणि आवाज वाढवताच हुंकार सुरू होतो. तिसरा सर्वांत हानिकारक, तो म्हणजे सुई खाचेतून उडणे. टोनआर्म (सुई धरणारी दांडी) आणि कार्ट्रिज (तिच्या टोकाची सुईची डबी) यांची जोडी स्वतःच एका वारंवारतेला डोलते. ही वारंवारता ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान ठेवावी असा संकेत आहे. आर्म, कार्ट्रिज व स्क्रू यांचे मिळून प्रभावी वस्तुमान २० ग्रॅम आणि कार्ट्रिजची लवचीकता १५ एकक (मायक्रॉन प्रति मिलिन्यूटन) असेल, तर ती सुमारे ९.२ हर्ट्झ येते. वाहनांच्या रहदारीमुळे जमिनीला येणारा कंप बहुतांशी ५ ते २५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. सुईची दुखरी जागा त्या पट्ट्यातच येते.

इतिहास : एडिसनच्या १८७७ मधील फोनोग्राफमध्ये सुई वर-खाली हलत असे, तर बर्लिनरच्या १८८७ मधील ग्रामोफोनमध्ये ती आडवी हलू लागली. भारतातले पहिले ग्रामोफोन मुद्रण १९०२ साली कोलकात्यात झाले. त्यानंतर अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांचे आवाज लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून महाराष्ट्रातील घरांत पोहोचले. चावीच्या ग्रामोफोनला कंपनरोधक पाये लागत नसत. त्याच्या साउंडबॉक्सचा भार सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक पडे आणि खर्जाचे स्वर तो जेमतेमच उमटवी.

१९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, खाच बारीक झाली आणि पुढे सुईवरचा भार दीड-दोन ग्रॅमपर्यंत उतरला. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांत सुईची आडवी आणि उभी अशा दोन्ही हालचाली ध्वनीत रूपांतरित होतात. त्यामुळे जमिनीचा उभा हादरा, जो आडव्या खाचेच्या मोनो तबकडीत फारसा ऐकू येत नसे, तो आता थेट स्पीकरमध्ये उतरू लागला. यावर एडगर व्हिल्चर यांनी १९६१ च्या अकूस्टिक रिसर्च टर्नटेबलमध्ये उपाय काढला : थाळी आणि टोनआर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट तीन मऊ स्प्रिंगांवर तोलली. १९६५ च्या थोरेन्स टीडी १५० ने हीच वाट धरली. जपानी कंपन्यांनी दुसरा मार्ग घेतला : जड सांगाडा आणि त्याखाली रबरी पाये. १९७२ मध्ये आलेली टेक्निक्स एसएल-१२०० ही त्या परंपरेतली. वेगळे विकत घेऊन कोणत्याही यंत्राखाली ठेवता येणारे पाये या दोन मार्गांतूनच पुढे आले.

कार्यतत्त्व : लवचीक पायावरचे वजन ढकलून सोडले, की ते ठरावीक गतीने डोलते. ही त्याची स्वाभाविक वारंवारता होय. वजन जितके अधिक आणि पाया जितका मऊ, तितकी ती कमी. खालून येणारा कंप या वारंवारतेहून बराच संथ असेल, तर तो जसाच्या तसा वर जातो. तो तिच्या जवळपास असेल, तर अनुस्पंदनाने उलट वाढतो. तिच्या सुमारे १.४१ पटीपुढे गेल्यावरच तो घटू लागतो. अवमंदन (याविषयी पुढे) नगण्य धरल्यास तिप्पट वारंवारतेचा आठवा हिस्सा आणि पाचपट वारंवारतेचा चोविसावा हिस्सा कंप वर पोहोचतो.

स्वाभाविक वारंवारता काढण्यासाठी मोजपट्टी पुरते. यंत्र ठेवल्यावर पाया किती मिलिमीटर दबला ते मोजावे आणि १५.८ ला त्या अंकाच्या वर्गमुळाने भागावे. पाया १ मिमी दबला तर १५.८ हर्ट्झ, ४ मिमी दबला तर ७.९, १० मिमीला ५ आणि २५ मिमीला सुमारे ३.२ हर्ट्झ येतात. हे गणित स्प्रिंगला नेमके लागू पडते. रबर कंप पावताना अधिक ताठ वागते, त्यामुळे त्याची खरी वारंवारता याहून थोडी वर असते.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जेमतेम १ मिमी दबणारा रबरी पाया साधारण २२ हर्ट्झच्या पुढेच कामाला लागतो. १० हर्ट्झचा कंप तो अडवत तर नाहीच, उलट दीडपटीहून अधिक वाढवतो. स्पीकरचा वरचा खर्ज रोखण्यास तो उपयोगी असला, तरी रस्त्याच्या हादऱ्यावर तो उपाय नव्हे.

अवमंदन म्हणजे डोलणे लवकर थांबवण्याचा गुण. तो नसेल तर स्प्रिंगवरचे टर्नटेबल बोट लागताच बराच वेळ हलत राहते, आणि तो फार असेल तर वरच्या वारंवारतांचा कंप पुन्हा झिरपू लागतो. स्वाभाविक वारंवारतेचा वरील नियम विज्ञानातल्या अतिसूक्ष्म मापनालाही लागू आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभ्या राहत असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथे ४ किमी लांबीच्या भुजांच्या टोकांशी असणारे ४० किग्रॅ. वजनाचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांनी टांगलेले असतील. प्रत्येक लंबक आपल्या स्वाभाविक वारंवारतेच्या वरचा कंप गाळत जातो.

प्रकार : (१) रबरी व पॉलियुरेथेनचे पाये : स्वस्त, अवमंदन चांगले. मात्र दिलेल्या वजनाच्या मर्यादेतच ते काम करतात. वजन कमी पडल्यास ते ताठ राहतात, जास्त झाल्यास चेपून बसतात. (२) स्प्रिंगचे पाये : कमी वारंवारतेपर्यंत उतरतात, पण अवमंदनासाठी फोम किंवा रबराची जोड लागते. (३) हवेचे आधार : लाकडी फळीखाली अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब हे याचे घरगुती रूप. उपयोग चांगला, परंतु हवा उतरत असल्याने सपाटी वरचेवर तपासावी लागते. (४) तारेच्या वेटोळ्यांचे पाये : पीळदार पोलादी तारेतील पेडांच्या परस्पर घर्षणातून अवमंदन मिळते. (५) टोकदार धातूचे पाये : हे कंपनरोधक नव्हेत. ते यंत्राला जमिनीशी घट्ट जखडतात. डळमळणारा स्पीकर स्थिर करण्यास ते योग्य, पण टर्नटेबलखाली घातल्यास जमिनीचा कंप सरळ वर चढतो.

बारामती व इंदापूर परिसर : नीरा डाव्या कालव्याखालच्या बागायती पट्ट्यात काळी, चिकण जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जिरायती भागात मुरूम आणि काळा पाषाण वर येतो. मऊ मातीतून संथ हादरे अधिक जाणवतात. खडकावर पाया घेतलेले घर तुलनेने शांत असते.

कंपाचे स्रोतही येथे ऋतूप्रमाणे बदलतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. चाक गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून गेले की जमिनीला धक्का बसतो. पुणे–सोलापूर महामार्गालगतच्या भिगवण, इंदापूर या गावांत अवजड वाहतूक बारमाही असते. वीज गेल्यावर चालणाऱ्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते, म्हणजे २५ हर्ट्झचा कंप देते. शेजारची पिठाची गिरणी आणि घरातली पाण्याची मोटर यांचीही त्यात भर पडते.

घराच्या बांधणीनुसार उपाय बदलतो. जुन्या वाड्यांत माडीची तक्तपोशी पावलागणिक लवते. माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो आणि त्या ठेक्याच्या दुप्पट-तिप्पट वारंवारता ४ व ६ हर्ट्झ येतात. ५ हर्ट्झला डोलणारे स्प्रिंगचे पाये अशा जमिनीवर सुई उडवण्यासच मदत करतात. येथे टर्नटेबलची खरी जागा भिंतीत आहे. दगडमातीच्या जाड भिंतीतला प्रशस्त कोनाडा किंवा भिंतीत पक्का बसवलेला कडप्पा पावलांच्या हादऱ्यापासून बराच अलिप्त राहतो. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात जमीन ताठ असते, म्हणून तेथे मऊ पाये आपले काम नीट करतात.

निवड व बसवणी : पाये विकत घेण्याआधी कंप कोठून येतो ते ओळखावे. थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवून आवाज हळूहळू वाढवावा. हुंकार सुरू झाल्यास दोष स्पीकरच्या जागेत आहे. स्पीकर टर्नटेबलच्या टेबलावरून हलवावेत, हा बिनखर्चाचा आणि सर्वांत गुणकारी उपाय होय. आवाज न वाढवताही रस्त्यावरून वाहन जाताना वूफरचा पडदा फडफडत असेल, तर कंप जमिनीतून येतो आहे.

त्यानंतर वजन पाहावे. ८ किग्रॅ. वजनाच्या टर्नटेबलखाली चार पाये दिल्यास प्रत्येकावर सरासरी २ किग्रॅ. भार येतो. ५ हर्ट्झ हवे असल्यास प्रत्येक पाया या भाराखाली १० मिमी दबला पाहिजे. टर्नटेबलचा भार सहसा सर्व कोपऱ्यांवर सारखा नसतो, म्हणून हलक्या बाजूचे पाये मध्याकडे सरकवून किंवा जड बाजूला अधिक ताठ पाये वापरून सर्वांचे दबणे सारखे करावे. शेवटी थाळीवर पाणसळ ठेवून सपाटी तपासावी.

हलक्या टर्नटेबलला वजन देण्यासाठी शहाबादी फरशी उत्तम. ४५ × ३५ सेंमी आकाराची आणि अडीच सेंमी जाडीची फरशी सुमारे १० किग्रॅ. भरते. पाये फरशीखाली आणि टर्नटेबल फरशीवर ठेवल्यास, त्याच पायांवरचे वजन दुप्पट झाल्याने वारंवारता सुमारे तीन दशांशाने उतरते. मात्र वाढलेला भार पायांच्या मर्यादेत बसतो ना, ते पाहावे. जोडतारा ताणून न ठेवता सैल वळसा देऊन सोडाव्यात, कारण ताठ तार पायांना वळसा घालून कंप आत आणते. येथल्या कडक उन्हाळ्यात मऊ पॉलिमर हळूहळू चेपत जाते आणि पॉलिश केलेल्या लाकडावर डाग सोडते. त्यामुळे खाली काच किंवा फरशीचा तुकडा ठेवावा आणि उंची दरवर्षी मोजावी.

मर्यादा : ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमध्ये हलणारा भाग नसतो. त्याखालच्या महागड्या पायांनी आवाज सुधारतो हे अंध चाचणीत सिद्ध झाल्याखेरीज मानू नये. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये मात्र काचनळीतील सूक्ष्म भाग कंप टिपतात, तेथे मऊ पाये उपयोगी पडतात. सीडी प्लेअरच्या यंत्रणेला बहुधा आतच स्वतःचे लवचीक आधार असतात. टर्नटेबलच्या स्वतःच्या झिजलेल्या बेअरिंगची घरघर कोणत्याही पायाने जात नाही.

तबकड्यांचे जतन : उडालेली सुई परत आदळते तेव्हा खाचेची भिंत दुखावते आणि ती जखम भरून येत नाही. लाखेच्या काळातील कितीतरी मराठी नाट्यपदे, भजने व लावण्या आज केवळ घरोघरी आणि संग्राहकांकडे उरलेल्या प्रतींतून ऐकता येतात. अशा तबकड्यांच्या अभ्यासासाठी १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. जुन्या तबकडीची डिजिटल प्रत करताना कंपनरोधाला सर्वाधिक महत्त्व येते. २० हर्ट्झखालची घरघर नंतर गाळता येते, पण हादऱ्याने टोनआर्म डोलल्यामुळे स्वरात आलेली थरथर गाळणीने निघत नाही. ती गायकाच्या आवाजातच मिसळून पुढच्या प्रत्येक प्रतीत जाते. म्हणून उसाच्या रस्त्यालगतच्या घरात असे काम गळीत हंगाम संपल्यावर, मोटर व जनरेटर बंद ठेवून, भिंतीतल्या आधारावर करावे.